धुणं धुणारी सारा केसांच्या जोरावर लखपती झाली, पण केसांवरून नोकरी नाकारायला बंदी यायला पुढची १०० वर्षं गेली

३ जुलै २०१९. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एका कायद्यावर सही केली. विषय होता केस. एखाद्याचे केस जन्मतः दाट कुरळे आहेत, त्याने बारीक वेण्या घातल्यात किंवा जटा राखल्यात, एवढ्यावरून त्याला नोकरी नाकारायची नाही, कामावरून काढायचं नाही आणि शाळेतून घरी पाठवायचं नाही, असं हा कायदा सांगतो. त्याचं नाव क्राऊन कायदा. क्राऊन म्हणजे मुकुट. असा कायदा करणारं कॅलिफोर्निया हे अमेरिकेतलं पहिलं राज्य.

केसांसाठी कायदा लागतो हे ऐकून आपल्याकडे कुणालाही हसू येईल. डोक्यावर काय आहे यापेक्षा डोक्यात काय आहे ते बघून नोकरी मिळते, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांसाठी मात्र ते कधीच इतकं सरळ नव्हतं. का नव्हतं, हे समजून घ्यायचं तर या कायद्याच्या १०० वर्षं आधी, २५ मे १९१९ ला वारलेल्या एका बाईची गोष्ट बघावी लागते.

तिचं नाव सारा ब्रीडलव्ह. जग तिला मॅडम सी. जे. वॉकर म्हणून ओळखतं.

साराचा जन्म २३ डिसेंबर १८६७ चा, लुइझियाना राज्यातल्या डेल्टा या गावातला. गाव मिसिसिपी नदीच्या काठावर, नदीपलीकडे व्हिक्सबर्ग शहर. आई मिनर्व्हा आणि वडील ओवेन हे दोघंही रॉबर्ट बर्नी नावाच्या मळेवाल्याचे गुलाम होते. यादवी युद्ध झालं, गुलामगिरी कायद्याने संपली. पण मळा तोच राहिला, कापूसही तोच राहिला. आधी गुलाम म्हणून राबणारी माणसं आता अर्धेलीवर राबू लागली, एवढाच काय तो फरक. घरात स्वतंत्र माणूस म्हणून जन्माला आलेलं पहिलं लेकरू म्हणजे सारा.

जाता जाता एक सांगण्यासारखं. ज्या लुइझियानात ती जन्मली, तिथे बायकांच्या केसांवर सरकारचा डोळा फार आधीपासून होता. हा मुलूख स्पेनच्या ताब्यात असताना, १७८६ मध्ये, एस्तेबान मिरो या गव्हर्नरने फर्मान काढलं होतं की कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय बायकांनी, मग त्या गुलाम नसल्या तरी, केस फडक्याने झाकून ठेवायचे. न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र बायका केसांत मणी आणि पिसं खोवून ऐटीत फिरायच्या, ते गोऱ्या समाजाला खुपत होतं. बायकांनी हुकूम पाळला, पण असा पाळला की त्या रंगीबेरंगी, भरजरी फडक्यांचीच फॅशन झाली. साराच्या वेळी ते फर्मान उरलं नव्हतं. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचं फडकं मात्र होतंच, उन्हापासून आणि धुळीपासून वाचायला.

सारा सात वर्षांची होईपर्यंत आई आणि वडील दोघंही वारले. थोरली बहीण लुव्हेनिया आणि तिचा नवरा यांच्यासोबत ती व्हिक्सबर्गला आली आणि लोकांच्या घरी कामं करू लागली. मेहुणा जाच करायचा. त्या घरातून सुटायचं म्हणून तिने १४ व्या वर्षी मोझेस मॅकविल्यम्सशी लग्न केलं. १८८५ मध्ये लेलिया ही मुलगी झाली. दोनेक वर्षांत नवरा गेला. विसाव्या वर्षी सारा विधवा होती, पदरात लहान पोर होती आणि अक्षरओळख जेमतेम होती.

तिचे भाऊ नदीच्या वरच्या अंगाला सेंट लुईस शहरात होते. ते न्हावी होते. त्या काळात अमेरिकेतल्या शहरांत न्हावीकाम हा कृष्णवर्णीय पुरुषांना चार पैसे देणारा आणि थोडीफार प्रतिष्ठा देणारा धंदा होता. घरातल्या पुरुषांचं पोट दुसऱ्यांच्या केसांवर चाललेलं तिने बघितलं. बाईमाणसाला मात्र हातात येईल ते एकच काम होतं, धुणं.

टाळूला चाई पडली तेव्हा

सेंट लुईसमध्ये साराने तब्बल सतरा-अठरा वर्षं लोकांचे कपडे धुतले. दिवसाला एक-दीड डॉलर सुटायचा. त्यातून तिने मुलीची शाळा चालवली, पुढे तिला टेनेसीतल्या नॉक्सव्हिल कॉलेजात पाठवलं. मधे जॉन डेव्हिस नावाच्या माणसाशी दुसरं लग्न झालं, ते काही धड टिकलं नाही. सेंट पॉल चर्चमधल्या शिकल्यासवरल्या, नीटनेटक्या बायकांशी ओळखी झाल्या. त्यांच्याकडे बघून आपलंही आयुष्य वेगळं असू शकतं, हे तिच्या मनाने घेतलं.

याच वर्षांत तिचे केस गळायला लागले. नुसते गळेनात, तर टाळूवर चाई पडायला लागली.

ही अडचण तिच्या एकटीची नव्हती. दाट कुरळ्या केसांत टाळूवरचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरत नाही, त्यामुळे केस कोरडे राहतात आणि विंचरताना तुटतात. त्यात गरीब वस्त्यांमधल्या घरांत नळ नव्हते. पाणी भरून आणायचं, तापवायचं, त्यात थंडीचे दिवस. महिना महिना डोक्यावरून पाणी जायचं नाही. कोंडा, खवडे, टाळूचे आजार हे घरोघरी होतं. धुवायचं झालं तर हाताशी असायचा तो कपड्यांचा जहाल क्षाराचा साबण. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांचा मळ काढणाऱ्या बायकांना स्वतःचं डोकं धुवायला ना वेळ होता ना पाणी. सौंदर्याचा प्रश्न पुढचा, आधी हा आरोग्याचा प्रश्न होता.

सेंट लुईसमध्येच ॲनी टर्नबो नावाची एक कृष्णवर्णीय उद्योजिका केसांचं मलम विकत होती. पुढे ती ॲनी मलोन म्हणून आणि तिची कंपनी पोरो या नावाने गाजली. साराने तिचं मलम वापरलं, गुण आला, मग तिचीच विक्रेती म्हणून काम धरलं. जुलै १९०५ मध्ये ती कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला गेली. गाठीशी दीड डॉलर होता, असं सांगतात. तिथे दिवसा स्वयंपाकीण म्हणून काम आणि उरलेल्या वेळात मलमाची विक्री. लवकरच तिने स्वतःचं मलम बनवलं. त्याची कृती आपल्याला स्वप्नात मिळाली आणि त्यातल्या काही वस्तू आफ्रिकेतून मागवल्या, असं ती सांगायची.

खरं म्हणजे त्या डबीत होतं काय? गंधक, मोरचूद, मधमाश्यांचं मेण, पेट्रोलियम जेली, खोबरेल आणि वास यायला व्हायोलेट फुलांचं अत्तर. यातलं बरंचसं आपल्याकडच्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानातही मिळालं असतं. टाळूच्या आजारांवर गंधक वापरणं ही तेव्हाही जुनीच गोष्ट होती. ॲनी टर्नबोने आपली नक्कल झाल्याचा आरोप केला आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. साराचं मोठेपण मलमात नव्हतं, ते विकायच्या पद्धतीत होतं. मलमाच्या जोडीला तिने शिकवण दिली: डोकं वारंवार धुवा, टाळू चोळा, मग मलम लावा. अर्धा गुण त्या धुण्याचाच असणार.

नावाआधी मॅडम

१९०६ च्या जानेवारीत तिने चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केलं. हे गृहस्थ वर्तमानपत्रांच्या जाहिरातींच्या व्यवसायातले. जाहिरात कशी करायची ते त्यांना माहीत होतं, पण बायको एवढी मोठी स्वप्नं बघेल हे त्यांना पेललं नाही. काही वर्षांत काडीमोड झाला. नाव तेवढं मागे राहिलं, मॅडम सी. जे. वॉकर.

या मॅडमची गंमत आहे. फ्रान्समधल्या फॅशनवाल्या बायकांच्या थाटाचा तो शब्द होताच, पण त्याहून महत्त्वाचं कारण वेगळं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरी माणसं वयाने कितीही मोठ्या कृष्णवर्णीय बाईला नुसत्या नावाने हाक मारायची, फार तर आँटी म्हणायची. मिसेस अमुक असं म्हणणं त्यांच्या जिभेला जड जायचं. आता डबीवर आणि पाटीवर सारा हे नावच नव्हतं. जिला हाक मारायची तिला मॅडमच म्हणावं लागायचं. तेव्हा इथून पुढे आपणही त्यांना अहो-जाहो करू.

मॅडम वॉकर दीड वर्ष दक्षिणेतल्या राज्यांत गावोगाव फिरल्या. चर्चमध्ये, कुणाच्या ओसरीवर, बायकांच्या बैठकीत प्रात्यक्षिक करून दाखवायच्या. डबीवर स्वतःचा फोटो, जाहिरातीत स्वतःचेच आधीचे विरळ आणि नंतरचे लांब केस. गिऱ्हाइकाला समोर दिसत होती ती आपल्यासारखीच काळी, आपल्यासारखीच धुणं धुतलेली बाई. लेलिया डेन्व्हरमधून टपालाने येणाऱ्या ऑर्डरी सांभाळायची. १९०८ मध्ये पिट्सबर्गला मुलीच्या नावाने लेलिया कॉलेज ही प्रशिक्षणशाळा सुरू झाली. १९१० मध्ये सगळा कारभार रेल्वेचं मोठं जंक्शन असलेल्या इंडियानापोलिसला हलला. कारखाना, सलून, शाळा असं सगळं तिथे उभं राहिलं. १९११ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली, भांडवल १०,००० डॉलर. लेलियाने १९१२ मध्ये मे ब्रायंट नावाची मुलगी दत्तक घेतली. तिचे केस लांबसडक आणि दाट होते, आणि आजीने नातीला लगेच जाहिरातीच्या फोटोंत उभं केलं. धंदा म्हणजे धंदा.

त्यांच्या विक्रेत्या बायका पांढरा ब्लाउज, काळा लांब स्कर्ट आणि हातात काळी बॅग अशा दारोदार जायच्या. कंपनीच्या सांगण्यानुसार मॅडम वॉकर यांच्या हयातीत अशा हजारो जणी तयार झाल्या, आकडा २०,००० पर्यंत जातो. त्या जाहिरातीतल्या आकड्यात थोडी हवा असेलही. पण ज्या काळात कृष्णवर्णीय बाईपुढे शेतमजुरी, स्वयंपाकघर आणि धुण्याचा टप असे तीनच रस्ते होते, त्या काळात ही चौथी वाट उघडली, हे नाकारता येत नाही. या कामात कुणा गोऱ्या मालकिणीची मर्जी सांभाळायची नव्हती. आपल्या केसांकडे बघून काम देणारी किंवा नाकारणारी दुसरी कुणी नव्हतीच.

केस वाढवले की सरळ केले?

मॅडम वॉकर यांच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप इथे येतो. त्यांनी काळ्या बायकांना गोऱ्या बायकांसारखे सरळ केस करायला शिकवलं, असा तो आक्षेप. त्यांच्या हयातीतही काही धर्मोपदेशक आणि पुढारी असंच म्हणायचे आणि आजही म्हटलं जातं.

त्यातलं खरं-खोटं वेगळं करायला हवं. तापवलेल्या लोखंडी कंगव्याने केस सरळ करायची पद्धत त्यांनी शोधली, असं अनेक ठिकाणी छापलं जातं. ते चूक आहे. तो कंगवा फ्रान्समध्ये १९ व्या शतकातच होता. मॅडम वॉकर यांच्या पद्धतीत धुणं, मलम, हलकं तेल आणि शेवटी हा गरम कंगवा असा क्रम होता. केस सरळ करणारी बाई असं म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. आपण केस वाढवतो, असा त्यांचा आग्रह असायचा. कातडी गोरी करायचं क्रीम त्यांनी स्वतःच्या हयातीत विकलं नाही. ते त्यांच्या पश्चात कंपनीने काढलं.

पण हेही खरं की गरम कंगवा त्यांच्या शाळांमधून हजारो घरांत पोचला. सरळ, चमकदार, चापून बसवलेले केस म्हणजे नीटनेटकी, शिकलेली, कामाला ठेवण्याजोगी बाई, हा समज त्यांनी तयार केला नव्हता, पण त्यांच्या धंद्याने तो मोडलाही नाही. एकीकडे बायकांना दुसऱ्यांच्या नजरेतून सोडवणारं काम द्यायचं आणि दुसरीकडे त्याच नजरेला पटेल असं रूप विकायचं, अशी ही अडचण होती. ती मॅडम वॉकर यांना सुटली नाही. आणि ज्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं त्या बायकांनी गरम कंगवा हातात घेतला म्हणून त्यांना दोष देणंही बरोबर नाही.

बोलू दिलं नाही, तर उभं राहून बोलल्या

१९१२ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. अध्यक्ष होते बुकर टी. वॉशिंग्टन, तेव्हाचे सगळ्यात वजनदार कृष्णवर्णीय नेते. केसांच्या धंद्याबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. मॅडम वॉकर यांना बोलायची संधी द्यावी, असं एका वर्तमानपत्राच्या मालकाने भर सभेत सुचवलं, ते त्यांनी कानाआड केलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. शेवटच्या दिवशी मॅडम वॉकर जागेवरच उभ्या राहिल्या आणि कुणी बोलावण्याची वाट न बघता बोलायला लागल्या. कापसाच्या शेतापासून कारखान्यापर्यंतचा आपला हिशेब त्यांनी सभेपुढे मांडला. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात त्याच वॉशिंग्टन यांनी त्यांना वक्त्या म्हणून बोलावलं.

इंडियानापोलिसमधल्या एका थिएटरात त्या सिनेमाला गेल्या. तिकीट दहा सेंटचं. खिडकीतून सांगण्यात आलं की काळ्या लोकांना पंचवीस सेंट. त्या परत आल्या आणि आपले वकील फ्रीमन रॅन्सम यांना दावा लावायला सांगितलं. मग शहरात स्वतःचीच इमारत बांधायचं ठरवलं, आत थिएटरसकट. ती इमारत १९२७ मध्ये, त्यांच्या पश्चात पुरी झाली आणि अजून उभी आहे.

१९१३ मध्ये त्या जमैका, क्युबा, हैती, कोस्टा रिका आणि पनामा फिरून बाजारपेठ बघून आल्या. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहायला गेल्या. १९१७ च्या जुलैत इलिनॉयमधल्या ईस्ट सेंट लुईसला वांशिक दंगल झाली, किमान ३९ कृष्णवर्णीय मारले गेले. साराने जिथे इतकी वर्षं धुणी धुतली होती ते सेंट लुईस नदीच्या बरोबर पलीकडे. न्यूयॉर्कमध्ये हजारो माणसांनी मूक मोर्चा काढला. त्यानंतर हार्लेमच्या नेत्यांसोबत मॅडम वॉकर थेट व्हाइट हाउसवर गेल्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन भेटले नाहीत, सचिवाने निवेदन घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात त्यांच्या विक्रेत्यांचं पहिलं अधिवेशन भरलं, दोनशेहून अधिक बायका आल्या. बक्षिसं जास्त माल विकणाऱ्यांना होती, तशी जास्त दानधर्म करणाऱ्यांनाही होती. केशरचना करणाऱ्या या बायकांनी झुंडबळींच्या विरोधात राष्ट्राध्यक्षांना तार पाठवली.

१९१८ मध्ये हडसन नदीकाठी आयर्व्हिंग्टनला त्यांचा ३४ खोल्यांचा बंगला तयार झाला, व्हिला लेवारो. वास्तुविशारद व्हर्टनर टँडी हे न्यूयॉर्क राज्यातले परवाना मिळालेले पहिले कृष्णवर्णीय वास्तुविशारद. बंगल्याचं नाव लेलियाच्या पूर्ण नावातली अक्षरं जोडून गायक एन्रिको कारुसो यांनी सुचवलेलं. श्रीमंत गोऱ्यांच्या वस्तीत हा बंगला उठून दिसायचा, आणि तो दिसावा हाच हेतू होता. त्यात राहायला मिळालं मात्र जेमतेम वर्षभर. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा आजार बळावला. मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी झुंडबळीविरोधी निधीसाठी ५,००० डॉलर जाहीर केले. २५ मे १९१९ ला त्या गेल्या तेव्हा वय होतं ५१. वर्तमानपत्रं त्यांना दशलक्षाधीश म्हणायची. त्यांनी ते हयातीतच नाकारलं होतं, आणि मागे राहिलेली मालमत्ताही दहा लाख डॉलरच्या आत होती. कंपनीच्या पुढच्या नफ्यातला दोन तृतीयांश हिस्सा दानधर्मासाठी लिहून ठेवला होता.

मग केस कोर्टात कसे गेले?

मॅडम वॉकर यांच्या काळात केसांवरून नोकरी नाकारल्याचे खटले नव्हते, कारण केसांचं निमित्त काढायची गरजच नव्हती. कातडीचा रंग पुरेसा होता आणि तो कायद्याला मान्य होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश आणि वर्णावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आली. आता उघडपणे काळी आहे म्हणून नको, असं म्हणता येईना. तेव्हा केस शिस्तीत नाहीत, कंपनीच्या प्रतिमेला शोभत नाहीत, अशी भाषा सुरू झाली. त्याच सुमाराला तरुण मंडळींनी गरम कंगवा फेकून अफ्रो वाढवायला सुरुवात केली होती.

१९७६ मध्ये मॅडम वॉकर यांच्या कंपनीच्याच इंडियाना राज्यातल्या एका विमा कंपनीच्या कर्मचारी महिलेचं प्रकरण अपील न्यायालयात पोचलं. अफ्रो केसांवरून बढती नाकारल्याची तिची तक्रार ही वंशभेदाचीच तक्रार आहे, असं न्यायालयाने मानलं. हे झालं आपसूक वाढणाऱ्या केसांचं. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्समधल्या एका महिलेने टाळूलगत घातलेल्या बारीक वेण्यांसाठी दावा केला, तो ती हरली. न्यायालयाचं म्हणणं असं की वेण्या घातलेल्या असतात, जन्मजात नसतात, आणि जे बदलता येतं त्याला संरक्षण नाही. याच न्यायालयाने एक शेराही मारला: एका गोऱ्या नटीने सिनेमात तशा वेण्या घातल्यावर मग ही बाई तशा वेण्या घालून कामावर आली होती. शेकडो वर्षं आफ्रिकेत आणि अमेरिकेत घातल्या जाणाऱ्या वेण्यांचं श्रेय असं हॉलिवूडला गेलं.

२०१६ मध्येही हेच झालं. अलाबामातल्या एका कंपनीने एका महिलेला निवडलं, मग जटा काप म्हटलं. तिने नकार दिल्यावर देऊ केलेली नोकरी काढून घेतली. काम होतं फोनवर ग्राहकांशी बोलायचं, म्हणजे तिचे केस कुणा ग्राहकाला दिसणारही नव्हते. सरकारी आयोग तिच्या बाजूने लढला आणि हरला. मुद्दा तोच, जटा बदलता येतात.

बदलता येतात हे खरंच. प्रश्न बदलायची किंमत काय, हा आहे. वेण्या, पीळ, जटा यांना संरक्षक केशरचना म्हणतात, कारण त्यात केसांची टोकं आत राहतात, रोज ओढून विंचरावं लागत नाही, केस तुटत नाहीत. ज्या बाईला त्या मोडायला सांगितल्या जातात तिच्यापुढे उरतो तो गरम कंगवा किंवा रसायन. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ७० व्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे ४.०५ टक्के, तर कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के दिसलं. रसायनामुळेच कर्करोग होतो असं यातून सिद्ध होत नाही. पण ही रसायनं सगळ्यात जास्त आणि लहान वयापासून वापरणाऱ्या बायका कृष्णवर्णीय आहेत.

क्राऊन कायद्याने न्यायालयांची ही पळवाट बंद केली. वंशाच्या व्याख्येतच केसांचा पोत आणि वेण्या, पीळ, जटा अशा रचना घातल्या. मग त्या जन्मजात की घातलेल्या, हा वाद उरत नाही. यंत्राजवळ किंवा स्वयंपाकघरात केस बांधा, जाळी घाला, असं मालक अजूनही सांगू शकतो. फक्त ते सगळ्यांना सारखं सांगावं लागतं आणि कारण खरोखर सुरक्षिततेचं असावं लागतं.

या कायद्यासाठी मोहीम चालवणाऱ्यांत साबणाचा डव्ह हा ब्रँडही होता. डव्ह युनिलिव्हरचा, म्हणजे ज्या कंपनीची आपल्याकडची शाखा मुंबईतून चालते तिचा. मॅडम वॉकर यांचं नाव आणि ब्रँड २०१३ मध्ये सनडायल नावाच्या कंपनीने विकत घेतला आणि २०१७ मध्ये ती कंपनी युनिलिव्हरने घेतली. आज केस सरळ करण्यापेक्षा ते आहेत तसे राखायच्या तेलांना आणि क्रीमना मागणी आहे, आणि मोठ्या कंपन्यांना ती बाजारपेठ दिसते. कायद्याच्या मागे हिशेबही आहे. मॅडम वॉकर यांना त्यात वावगं वाटलं नसतं.

कॅलिफोर्नियानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्कने असाच कायदा केला. २०२० मध्ये कोलोरॅडोने केला, २०२२ मध्ये लुइझियानाने. आजवर दोन डझनांहून अधिक राज्यांत तो झाला आहे. सगळ्या देशासाठीचं विधेयक १८ मार्च २०२२ ला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २३५ विरुद्ध १८९ मतांनी मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. त्यामुळे ज्या राज्यात असा कायदा नाही, तिथे वेण्या घालून मुलाखतीला गेलेल्या बाईला १९६४ च्या कायद्यावर आणि त्या जन्मजात की घातलेल्या या जुन्याच वादावर अवलंबून राहावं लागतं.